सरकी तेल गिरणीच्या बॉयलरवर गॅस अ‍ॅनालायझर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतली ही सरकी तेलाची गिरणी. सरकी शिजवायला आणि तेल शुद्ध करायला वाफ लागते, त्यासाठी ताशी ४ टनांचा बॉयलर आहे. जळण म्हणून ब्रिकेट वापरतात. कपाशीच्या काड्या, तुराट्या, भुईमुगाची टरफलं असं हंगामात जे मिळेल ते दाबून केलेल्या कांड्या. जाळीवर जळण हाताने टाकायचं, खालून एफडी फॅनने हवा द्यायची आणि मागून आयडी फॅनने धूर ओढायचा. धूर बॉयलरच्या नळ्यांतून एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने भट्टीची हवा तापवणारा), सायक्लोन (धूर गरगर फिरवून जाड राख वेगळी काढणारा) आणि बॅग फिल्टरमधून (कापडी पिशव्यांनी बारीक धूळ गाळणारा) जाऊन चिमणीला लागतो. यातला बॅग फिल्टर मूळचा नाही. धुळीच्या मर्यादा पाळण्यासाठी तो तीन वर्षांपूर्वी बसवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच महत्त्वाची ठरली.

बॉयलर अटेंडंट साठीच्या उंबरठ्यावरचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. झरोक्यातून आगीचा रंग बघून नाना सांगायचे की हवा जास्त झाली की कमी, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. त्यांच्या हाताखाली दोन हेल्पर, दोघंही जवळच्या खेड्यातले.

मला बोलावणं आलं ते जळणाच्या खर्चासाठी. शेठजींचा फोन होता: "ऑक्सिजनचं मीटर बसवलं की जळण वाचतं म्हणतात, बघा बरं आपल्याकडे काय होतं ते." तारीख ठरली आणि त्या आधीच्या आठवड्यात अपघात झाला.

काय घडलं

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंशांच्या आसपास. लाईट गेली. दोन्ही फॅन थांबले. जाळीवर नुकतंच भरगच्च जळण टाकलेलं होतं. जनरेटर सुरू झाला, पण त्यावर फक्त फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) आणि दिवे. बारा मिनिटांनी लाईट आली. नाना तेव्हा पाण्याची पातळी बघायला पलीकडे गेले होते. हेल्परने पॅनेलवरची दोन्ही हिरवी बटणं दाबली, आधी एफडी, मग आयडी. भट्टीत ढुम्म आवाज झाला, दार उघडलं आणि जाळाची जीभ बाहेर आली. पोराच्या भुवया जळाल्या, उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलली. दार त्याच्या तोंडासमोर असतं तर हे प्रकरण वेगळ्या शब्दांत लिहावं लागलं असतं.

कारण समजायला कठीण नाही. हवा बंद झाली तरी निखाऱ्यावरचं जळण तापतच राहतं. ते धड जळत नाही, धुमसतं. त्यातून कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन आणि डांबरट वाफा निघतात आणि भट्टीत, मागच्या डक्टमध्ये साठतात. हवेत कार्बन मोनॉक्साईडचं प्रमाण साधारण १२.५ ते ७४ टक्के असेल तर मिश्रण पेट घेऊ शकतं. एफडी आधी सुरू झाला की साठलेल्या वायूला नेमकी कमी असलेली हवा मिळते. ठिणगी जाळीवर असतेच.

चौकशी करताना दुसरी गोष्ट बाहेर आली. आदल्या हिवाळ्यात रात्रपाळीचे लोक डोकं दुखतं, मळमळतं म्हणून तक्रार करत होते. थंडीमुळे बॉयलर हाऊसचे पत्रे आणि दारं लावून घेतलेली असायची. एक हेल्पर म्हणाला, "दादा, डोकं जड व्हई गयं, मंग बाहेर जाई बसनू." करोनाच्या काळात आणलेलं ऑक्सिमीटर ऑफिसात होतं. ते त्याच्या बोटाला लावलं, आकडा ९८ आला आणि विषय तिथेच संपला. साधं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो आणि बोटावरच्या यंत्राला असं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. त्या पोराला कोणी खोटं पाडलं नव्हतं, पण आकड्याने त्याचं म्हणणं खोटं ठरवलं. मला हे अजून सलतं.

पहिली मोजमापं

काही विकत घेण्याआधी हातातलं पोर्टेबल अ‍ॅनालायझर घेऊन दोन दिवस बसलो. दोन ठिकाणी मोजलं, बॉयलरच्या नळ्यांनंतर लगेच आणि मग सायक्लोननंतर. स्थिर आगीवर पहिल्या ठिकाणी ऑक्सिजन ८ टक्के, कार्बन मोनॉक्साईड १४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन १२ टक्के, कार्बन मोनॉक्साईड १००० पीपीएम. मधल्या वाटेत कुठे काही जळत नव्हतं. मग ऑक्सिजन वाढला कसा? बाहेरची हवा आत शिरत होती. हिशोब केला तर १०० भाग धुरामागे सुमारे ४५ भाग बाहेरची हवा निघाली. एअर प्रीहीटरच्या काही नळ्या खाऊन गेल्या होत्या, राख काढायच्या झाकणांच्या फटी बुजवणाऱ्या दोऱ्या झिजल्या होत्या.

याचा अर्थ मोठा आहे. विक्रेत्याच्या माणसाने प्रोबची (धुरात खुपसायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या दांड्याची) जागा चिमणीच्या पायथ्याशी सुचवली होती, कारण तिथे प्लॅटफॉर्म तयार होता. तिथला १२ टक्के बघून, हवा जास्त होतेय असं समजून, कोणीही एफडीची हवा कमी केली असती आणि भट्टी गुदमरली असती. जळण वाचवायला लावलेलं मीटर तिथे विषारी वायू वाढवणारं ठरलं असतं.

पर्याय

पहिला पर्याय, महिन्याला एकदा पोर्टेबल मीटरने तपासणी. स्वस्त. पण हाताने जळण टाकायच्या भट्टीत प्रत्येक फावड्यागणिक आकडे बदलतात. महिन्यातली दहा मिनिटं बाकीच्या दिवसांबद्दल फार थोडं सांगतात.

दुसरा, नमुना ओढून घेणारं अ‍ॅनालायझर. धूर पंपाने बाहेर ओढायचा, गरम नळीतून आणायचा, थंड करून पाणी वेगळं काढायचं, गाळायचा आणि मग ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साईड दोन्ही मोजायचे. माहिती सर्वांत पूर्ण याच्याकडूनच मिळते. पण बायोमासच्या धुरात बारीक राख आणि डांबर असतं. फिल्टर तुंबतात, नळीत पाणी साचतं, रोज हात लावणारा माणूस लागतो. गिरणीत इन्स्ट्रुमेंटचं काम बघणारा एकच इलेक्ट्रिशियन, तोही तीन विभागांत पळणारा. न जपलेलं असं यंत्र दोन महिन्यांत शोभेचं होतं आणि चुकीचा आकडा दाखवत राहतं.

तिसरा, डक्टमध्येच बसणारा झिरकोनिया ऑक्सिजन प्रोब. यात झिरकोनियाची पेशी सुमारे ७०० अंशांवर तापवलेली असते. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला शुद्ध हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावरून व्होल्टेज मिळतं. उत्तर काही सेकंदांत येतं, देखभाल कमी. पण कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही.

चौथा, धुरातलं सोडून द्या, फक्त खोलीतल्या हवेत कार्बन मोनॉक्साईडचे डिटेक्टर लावा. सगळ्यात कमी खर्चात माणसं वाचतात ती यातच.

शेठजींना तिसरा हवा होता, मला तिसरा आणि चौथा दोन्ही. दुसऱ्याचा मोह मलाही होता, तो इलेक्ट्रिशियनकडे बघून सोडला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडसाठी आठवड्यातून एकदा पोर्टेबलने मोजायचं ठरलं. "पोर भाजला त्याचं यातल्या कोणत्या मीटरने थांबलं असतं?" असं शेठजींनी विचारलं. खरं उत्तर होतं, कोणत्याच नाही. फॅन थांबले की धूर डक्टमध्ये वाहत नाही, प्रोबसमोर जुनाच वायू साचून राहतो. मीटर त्या क्षणी जे सांगेल त्यावर विसंबता येत नाही. तिथे क्रम बांधून घ्यावा लागतो: आधी आयडी, मग ठरलेला वेळ धूर ओढणं, मग एफडी. त्यामुळे कामात इंटरलॉकची, म्हणजे हा क्रम मोडू न देणाऱ्या विजेच्या बांधणीची, भर पडली.

नानांचं वाक्य

इंटरलॉकची चर्चा चालू असताना नाना कोपऱ्यात बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साहेब, आधी लाईट गेली तरी चिमणी ओढायची. आता ती ओढत नाही."

सगळे गप्प झालो. बॅग फिल्टर यायच्या आधी फॅन थांबला तरी ३० मीटर उंच गरम चिमणीचा नैसर्गिक ड्राफ्ट भट्टीतला वायू हळूहळू ओढून नेत असे. आता वाटेत कापडी पिशव्यांचा अडसर उभा होता. चिमणीची ती थोडी ओढ पिशव्या ओलांडू शकत नव्हती. म्हणजे बॉयलर तोच, माणसं तीच, पण लाईट गेल्यावर काय होतं हे तीन वर्षांपूर्वी बदललं होतं आणि ते कोणाच्याही कागदावर नव्हतं.

आयडी फॅन जनरेटरवर घेता येईल का हे पाहिलं. जनरेटर लहान, फॅनचा सुरुवातीचा करंट त्याला झेपणारा नव्हता. म्हणून बॅग फिल्टर आणि आयडी फॅनला वळसा घालणारा डक्ट आणि त्यात हवेच्या दाबाने बंद राहणारा डॅम्पर (डक्टमधली झडप) घेतला. लाईट गेली की दाब सुटतो, डॅम्पर आपोआप उघडतो, चिमणी पुन्हा ओढू लागते. तो चालू कामात उघडा राहू नये म्हणून त्याची उघडझाप वेळेसह नोंदवायची सोय केली. धूळ न गाळता धूर सोडायची ही पळवाट बनणं कुणालाच नको होतं.

बसवताना

प्रोब बॉयलरच्या नळ्यांनंतर, एअर प्रीहीटरच्या आधी लावला. त्यासाठी नवा प्लॅटफॉर्म करावा लागला आणि त्याच्या खर्चावरून दोन दिवस वाद झाला. तो वाद घालण्यासारखाच होता. एअर प्रीहीटरच्या नळ्या बदलल्या, झाकणांना नव्या दोऱ्या लावल्या. प्रोबचा फ्लँज (डक्टला जोडायची चकती) बसवताना गॅस्केट (मधली फट बुजवणारी पट्टी) वाकडं बसलं होतं. अगरबत्ती जवळ धरली तर तिचा धूर फटीत ओढला जात होता. एवढ्याशा फटीने प्रोबच्या तोंडाशीच ताजी हवा येते आणि आकडा चढा दिसतो.

माझी एक चूक इथे झाली, ती लिहिणं गरजेचं आहे. लाईट गेली तरी वाचन चालू राहावं म्हणून मी सगळं पॅनेल यूपीएसवर घेतलं. चाचणीच्या दिवशी मुद्दाम फॅन बंद केले आणि पॅनेलकडे बघत उभा राहिलो. पेशीचं तापमान ७०० च्या वर, स्थिर. तेव्हा उमगलं. ज्या डक्टमध्ये पेटणारा वायू साठण्याची भीती, तिथेच मी लाल तापलेली वस्तू चालू ठेवली होती. शेठजी म्हणाले, "भट्टीत निखारा आहेच की." खरं आहे, पण निखारा जाळीवर असतो. प्रोब मागे असतो, जिथे वायू कोपऱ्यात साठून निखाऱ्यापासून दूर राहू शकतो. आधीच एक ठिणगी आहे म्हणून दुसरी आपल्या हाताने ठेवायची नाही. त्याच संध्याकाळी हीटर यूपीएसवरून काढला. आता ड्राफ्ट गेला की हीटर बंद होतो आणि धूर ओढण्याची वेळ पूर्ण झाल्याशिवाय चालू होत नाही. बंद झाल्यावरही पेशी निवायला काही मिनिटं लागतात, म्हणून प्रोबच्या टोकाला ज्वालारोधक असलेलं मॉडेल घेतलं. त्यावर राख बसून उत्तर थोडं संथ होतं, ते मान्य केलं.

इंटरलॉक असा बांधला: आयडी चालू, भट्टीत पाण्याच्या किमान ३ मिमी इतका ऋण दाब सिद्ध, तो सलग ५ मिनिटं टिकला तरच एफडीचं बटण काम करणार. मधे दाब गेला तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

खोलीतले डिटेक्टर दोन. एक भट्टीच्या दाराजवळ, दुसरा जळणाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, जिथे हेल्पर दुपारी पाठ टेकतात. इलेक्ट्रिशियनने पहिला डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावला होता, कारण कँटीनमध्ये एलपीजीचा तसाच लावलेला. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. कार्बन मोनॉक्साईड हवेइतकाच, किंचित हलका. तो माणसाच्या नाकाच्या उंचीवर मोजायचा. दोन्ही डिटेक्टर सुमारे दीड मीटरवर घेतले. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात ८ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम होती, तिथे पिवळा दिवा आणि दारं उघडणं. २०० पीपीएमला भोंगा आणि सगळ्यांनी बाहेर, नाना धरून.

दोन मीटर, दोन आकडे

चालू केल्यावर पहिल्याच आठवड्यात भांडण. पोर्टेबल ऑक्सिजन ९.४ टक्के दाखवतं, प्रोब ८.२. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं नवीन प्रोब खराब, विक्रेत्याचं म्हणणं जुनं पोर्टेबल खराब. दोन्ही ठीक होती. पोर्टेबल धूर थंड करून पाणी काढून मोजतं, प्रोब वाफेसकट मोजतो. धुरात १३ टक्के वाफ धरली की ९.४ चे ८.२ होतात. पावसाळ्यात ब्रिकेट ओलसर झाल्यावर हा फरक आणखी वाढला. हे आधी सांगून ठेवलं असतं तर आठवडा वाचला असता, आणि विश्वासही. नव्या यंत्रावरचा विश्वास पहिल्या आठवड्यात गेला की परत मिळवायला फार वेळ लागतो.

नानांचा विश्वास मात्र वेगळ्या वाटेने बसला. जाळीवर पंधरा फावडी एकदम टाकली की ऑक्सिजन ३ पर्यंत कोसळतो आणि पोर्टेबलवर कार्बन मोनॉक्साईड उसळतो. मग हळूहळू ऑक्सिजन वर चढतो आणि १२ च्या पुढे जातो, कारण जळण संपत आलेलं असतं. नानांनी दोन पाळ्या नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हेल्परना लावून दिलं: एका वेळी चारच फावडी, पण घडीघडी, आणि आकडा ९ कडे निघाला की पुढची खेप. आकडा ६ ते ९ मध्ये राहू लागला. ही पद्धत कोणत्याही पुस्तिकेत नव्हती.

परिणाम

जळण कमी लागू लागलं. बचतीचं श्रेय एकट्या प्रोबला देणं खोटं होईल. त्याच काळात नळ्या बदलल्या, गळती बुजवली, जळण टाकायची रीत बदलली.

जानेवारीत, पहाटे दोनच्या सुमाराला, दाराजवळच्या डिटेक्टरवर आकडा १२० पीपीएमवर गेला. पिवळा दिवा लागला. हेल्परने दारं उघडली आणि नानांना उठवलं. बॅग फिल्टर तुंबला होता, त्यात आयडीचा डॅम्पर कोणीतरी अर्धा लावलेला. भट्टी उलट दाबाखाली येऊन धूर दाराच्या फटीतून खोलीत येत होता. आदल्या हिवाळ्यात डोकी दुखत होती तीही अशीच असावीत. त्या रात्री कोणालाही ऑक्सिमीटर लावलं नाही. दोघांना मोकळ्या हवेत बसवलं, एकाला मळमळ थांबेना म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजन दिला.

पुढच्या मे महिन्यात पॅनेलचा पडदा दुपारी तीनला कोरा झाला. बॉयलर हाऊसच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत तापमान मोजलं तर ५८ अंश, आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स ५० पर्यंतची. यंत्राच्या कागदावर ५० हा आकडा पहिल्या दिवसापासून होता. खान्देशातला मे मी लहानपणापासून बघतो आणि तरी तो हिशोबात धरला नाही. पॅनेल उत्तरेच्या भिंतीवर बाहेर नेलं, वर दुहेरी पत्र्याची सावली केली.

त्या मेमध्ये लाईट सात वेळा गेली. दर वेळी डॅम्पर उघडल्याची नोंद आहे, आणि सातपैकी एकदा घड्याळ मधेच शून्यावर आलं, कारण घाईत भट्टीचं दार उघडं राहिलं होतं. एफडी सुरू झाला नाही. हेल्पर चिडला, दार लावलं आणि पुन्हा पाच मिनिटं थांबला. भाजलेला तोच पोर.

आज करायचं झालं तर

क्रम उलटा घेईन. आधी खोलीतले डिटेक्टर, ते एका दिवसात लागतात. मग इंटरलॉक आणि डॅम्पर. प्रोब शेवटी. आम्ही प्रोबच्या ऑर्डरची वाट बघत चार महिने घालवले आणि त्या काळात बॉयलर जुन्याच बटणांवर चालला. त्यात काही घडलं नाही हे नशीब.

कोणतीही नवी वस्तू धुराच्या वाटेत येते तेव्हा "लाईट गेली तर?" हा प्रश्न त्याच दिवशी अटेंडंटसमोर बसून विचारायला हवा. बॅग फिल्टर बसवताना नानांना कोणी विचारलं नव्हतं.

प्रोबच्या पेशीच्या दुसऱ्या बाजूची संदर्भ हवा गिरणीच्या कॉम्प्रेसरवरून घेतली, तिच्यात तेल यायचं आणि आकडा सरकायचा. वेगळा फिल्टर लावल्यावर ते थांबलं. आता महिन्यातून एकदा प्रोबला ताजी हवा देऊन २०.९ येतात का ते बघतात आणि डिटेक्टरला चाचणी वायू देतात. दोन्हींच्या नोंदवहीवर सही नानांची असते.

बॅग फिल्टरच्या दाबफरकाचं मीटर अजून डोळ्यांनीच वाचलं जातं. जानेवारीतली रात्र त्याच्यापासून सुरू झाली होती. त्याचा अलार्म जोडायचं काम दिवाळीच्या बंदमध्ये धरलं आहे, केबल टाकून झाली आहे.